शेतकरी उत्पादक कंपनी: नोंदणीआधी संचालक पारखून घ्या

केंद्र सरकारने २०२० मध्ये १०,००० शेतकरी उत्पादक संस्थांची योजना सुरू केली आणि गावोगावी कंपन्या नोंदल्या गेल्या. नोंदणीची कागदपत्रे सीए करून देतो. पुढे कंपनी किती व्यवसाय करेल, हे मात्र तुम्ही निवडलेल्या पहिल्या संचालकांवर ठरते.

अडचण कुठे येते?

कायद्यानुसार किमान १० उत्पादक कंपनी काढू शकतात. संचालक ५ ते १५ लागतात. ही नावे अनेकदा भावकीतून किंवा एकाच गटातून येतात. विश्वास असतो, पण सगळ्यांना एकच काम येते: पिकवणे. सोयाबीनची खरेदी करायची तर ओलावा तपासणी, प्रतवारी, गोदाम, खेळते भांडवल, प्रक्रिया उद्योगाशी बोलणी आणि हिशेब हे सारे सांभाळावे लागते. हे सांभाळणारे कोणी नसेल, तर कंपनी खते-बियाण्यांच्या दुकानापुरती उरते.

कायद्यातील सोय वापरा

संचालक मंडळाला एकूण संख्येच्या एक पंचमांशापर्यंत तज्ज्ञ संचालक घेता येतात, म्हणजे १० जणांच्या मंडळात २. पूर्णवेळ सीईओ सभासदांबाहेरचाच असावा लागतो. तिथे अध्यक्षांचा नातेवाईक बसवू नका. २०२० च्या योजनेत व्यवस्थापन खर्चासाठी ३ वर्षांत कमाल १८ लाख रुपयांची तरतूद ठेवली गेली. त्यानंतर सीईओचा पगार कंपनीच्या कमाईतूनच द्यावा लागतो.

सह्याद्रीचा धडा

नाशिक जिल्ह्यातील मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सचे विलास शिंदे कृषी अभियांत्रिकी शिकलेले आहेत. द्राक्षशेती आणि निर्यात या दोन्ही बाजू हाताळत संस्था वाढली. २०२२ मध्ये तिच्या प्रक्रिया व्यवसायात युरोपीय गुंतवणूकदारांनी ३१० कोटी रुपये गुंतवले. प्रत्येक कंपनी एवढी मोठी होणार नाही. पण पिकवणे आणि विकणे या दोन्हींची जाण सुरुवातीपासून हवी, हे यातून दिसते.

नोंदणीआधी कागदावर नावे लिहा

- दरमहा हिशेब कोण तपासणार?
- खरेदीदाराशी दर कोण ठरवणार?
- हंगामात वजनकाट्यावर कोण थांबणार?
- बँकेचे काम कोण पाहणार?
- महिला शेतकऱ्यांच्या वतीने मंडळात कोण?

चार कामांपुढे एकच नाव येत असेल, तर थोडे थांबा, आणखी माणसे जोडा आणि मगच सभासदांकडून भागभांडवल गोळा करा.