काकूची सहा पानं

मागच्या लेखात पासवर्डवर बरंच बोलून झालं, आणि तुमच्यापैकी काहींनी घरच्यांचे पासवर्ड बदलून दिल्याचंही कळवलंत. आज विषय तितका गंभीर वाटणार नाही. तो आहे पॉवरपॉईंट. तुम्हाला शाळेत चौथी-पाचवीतच शिकवतात, त्यामुळे यात लिहिण्यासारखं काय, असं वाटेल. मलाही वाटलं असतं, पण गेल्या दिवाळीत मी आमच्या गावी, कडगंचीला, चार दिवस राहून आलो.

कडगंची आळंद तालुक्यात, कलबुर्गीहून आळंदला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. आता लोक गाव ओळखतात ते 2009 साली स्थापन झालेल्या कर्नाटक केंद्रीय विद्यापीठामुळे. जुन्या पिढीला मात्र ते सायंदेवांचं गाव म्हणून माहीत आहे. 'गुरुचरित्र' लिहिणारे सरस्वती गंगाधर याच सायंदेवांच्या वंशातले. त्या मराठी ग्रंथात मध्येच कानडी पदं येतात, याचं बाहेरच्या माणसाला नवल वाटतं. आम्हाला वाटत नाही. आमच्या घरात अजूनही एका वाक्यात दोन भाषा असतात.

तर काकू. माहेर उमरग्याकडचं, मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, लग्नानंतर कडगंचीला आली आणि कानडी बोलायला शिकली. बोलते झकास. वाचते अक्षर अक्षर जुळवत. लिहीत नाही. दहा बायकांच्या संघाची ती अध्यक्ष आहे आणि त्या सगळ्या मिळून जोंधळ्याच्या कडक भाकऱ्या करून विकतात. पातळ, कुरकुरीत, आठ-पंधरा दिवस टिकणाऱ्या. अलीकडे 'कलबुर्गी रोट्टी' या नावाने आमच्या जिल्ह्यातल्या बायकांच्या भाकऱ्यांना शहरात चांगली मागणी आली आहे, आणि काकूच्या संघालाही वाटायला लागलं की भाकरीचं यंत्र घ्यावं. त्यासाठी कर्ज हवं होतं. डिसेंबरात आळंदला बैठक होती. प्रत्येक संघाला दहा मिनिटं, आणि निरोपात एक शब्द होता जो संघात कुणालाच कळला नाही. "पीपीटी आणा."

मी घरात शिरून बूट काढतोय तोच काकू म्हणाली, "काय गा, तू कंप्युटरवरच पोटाला मिळवतोस की. मग हे पीपीटी काय असतंय, सांग बघू."

मी म्हटलं, रात्री करून देतो. अर्ध्या तासाचं काम. ती नको म्हणाली. कारण नंतर कळलं. तीन वर्षांपूर्वी अशाच एका बैठकीत संघाच्या वतीने दुसरंच कुणीतरी बोललं होतं. त्यांनी कागदावर तयार करून आणलेले आकडे वाचले आणि बायकांची संख्या चुकली, वस्तूही चुकली. भाकरीच्या जागी पापड. काकू मागे बसून ऐकत होती आणि मध्ये बोलायची सोय नव्हती. "दुसऱ्यानं केलेलं मला बोलता येत न्हाय," ती म्हणाली. "मला करायला शिकव."

हे ऐकून मला एक गोष्ट आठवली. पॉवरपॉईंट 1987 साली आलं, तेही मॅकिंटॉशवर, काळं-पांढरं. कॅलिफोर्नियातल्या फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीत रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी ते घडवलं. आधी नाव 'प्रेझेंटर' ठेवायचं होतं, ते दुसऱ्याचं निघालं. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी 1 कोटी 40 लाख डॉलरला घेतली. तेव्हा पडद्यावर दाखवायचं म्हणजे पारदर्शक कागदावर छापून ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायचं. साहेबाने हाताने लिहून द्यायचं, टायपिस्टने किंवा चित्रं काढणाऱ्या विभागाने ते सुबक करायचं, मग चुका निघायच्या, मग परत. गॅस्किन्स यांचा मुद्दा साधा होता. ज्याला बोलायचंय, त्याच्याच हातात त्याचा मजकूर असावा. म्हणजे काकूचंच म्हणणं.

आता माझी लाज सांगून टाकतो. बीईच्या शेवटच्या वर्षी सेमिनार होता. मी 32 स्लाईड केल्या. प्रत्येक ओळ डावीकडून उडत यायची आणि येताना आवाज करायची. मी भिंतीकडे तोंड करून वाचत होतो. सातव्या स्लाईडला सरांनी प्रोजेक्टर बंद करायला सांगितलं आणि म्हणाले, आता सांग. मला चार वाक्यंसुद्धा आली नाहीत. त्या दिवशी मी एवढंच शिकलो की सर वाईट आहेत. बाकीचं समजायला नोकरीची काही वर्षं गेली.

म्हणून काकूला शिकवताना मी कंप्युटर बंद ठेवला. तालुक्याच्या गावांत जे क्लास असतात तिथे पहिल्या दिवशी मेनू आणि दुसऱ्या दिवशी अॅनिमेशन शिकवतात. माझं मत विचाराल तर अॅनिमेशन शिकवूच नये. मी पाठकोऱ्या कागदाचे सहा तुकडे केले आणि म्हटलं, प्रत्येकावर एकच गोष्ट सांगायची. लिहायला नको, चित्र काढ किंवा नुसतं बोल. तिने काढलं ते असं: बायका, तवा, भाकरी, परत गेलेली ऑर्डर, यंत्र, पैसे. झाली सहा पानं. या सगळ्याला वीस मिनिटं लागली.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप. अडलं ते भलत्याच ठिकाणी. फोन ती सराईत वापरते, पण माऊस म्हणजे बोट एकीकडे आणि बाण दुसरीकडे. डबल क्लिक जमेना. दोन क्लिकमध्ये एवढा वेळ जायचा की तो दोनदा एक क्लिक व्हायचा. मग सांगितलं, एकदाच दाब आणि एंटर मार. तेही चालतं. नवीन स्लाईडवर ठिपक्यांची चौकट आणि आत 'इथे शीर्षक लिहा' असं दिसतं ना, ते तिला आधीच कुणीतरी लिहून ठेवलेलं वाटलं. "हे पुसू की राहू दे?" आपल्याला हा प्रश्न पडतच नाही, कारण आपण कधी विचारला होता ते विसरलोय. त्या दिवशी तिला सगळ्यात आवडलं ते कंट्रोल-झेड. फोटो चुकून उडाला, कंट्रोल-झेड दाबलं, परत आला. ती थोडा वेळ मुद्दाम उडवत होती आणि परत आणत होती. मी चहा प्यायलो.

माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिब्रेऑफिस होतं. फुकट मिळतं, त्यात पॉवरपॉईंटसारखं इम्प्रेस असतं. फाईल पीपीटीएक्स म्हणून ठेवली की बहुतेक ठिकाणी उघडते, पण चौकटी जरा सरकतात, म्हणून बैठकीच्या आधी दुसऱ्या मशीनवर उघडून बघायची. आणि जोडीला पीडीएफ ठेवायची, ती सरकत नाही.

अक्षरांची भानगड थोडी सविस्तर सांगतो, कारण तुमच्यातले बरेच जण मंडळाच्या कार्यक्रमांसाठी मराठी स्लाईड करतात. माझ्या साखरपुड्याला मी मोठ्या हौसेने फोटोंचा कार्यक्रम केला होता. हॉलमधल्या कंप्युटरवर लावला तर 'आमचे आजोबा' या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंसांची रांगोळी आली. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये आत खरं तर इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा घालतो. दुसऱ्या मशीनवर तो फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो. युनिकोडमध्ये तसं होत नाही. 'आ' हा 'आ'च राहतो, फार तर वळण बदलतं. विंडोज 8 पासून निर्मला यूआय नावाचा फॉन्ट येतो, त्यात देवनागरी आणि कानडी दोन्ही आहेत. सीमेवरच्या माणसाला यापेक्षा काय हवं? टाईप करण्याचा प्रश्न काकूने स्वतः सोडवला. फोनमध्ये कानडीत बोलायचं, फोन लिहितो, ते व्हॉट्सअॅपवर लॅपटॉपकडे पाठवायचं, तिथून उचलून स्लाईडवर. सुचवलं वहिनीने, जमवलं काकूने.

पण मग लक्षात आलं की तिने बोलून घेतलेलं कानडी तिलाच भरभर वाचता येत नाही. पडद्यावर कानडी वाक्य, समोर साहेब, आणि ही अक्षर जुळवणार. काकू गप्प झाली. मग म्हणाली, "राहू दे गा. मला न्हाय जमायचं." त्या संध्याकाळी ती लॅपटॉपकडे फिरकली नाही.

मी रात्री बराच वेळ त्या सहा चिटोऱ्यांकडे बघत बसलो. त्यांच्यावर एकही वाक्य नव्हतं. सकाळी तिला म्हटलं, वाक्यं काढून टाक. प्रत्येक पानावर एक फोटो आणि एक आकडा. आकडे तुला येतात. बाकी सगळं तोंडाने सांग, तुझं कानडी माझ्यापेक्षा चांगलं आहे. तिने जरा विचार केला आणि विचारलं, "मग शिकलेले लोक एवढं लिहितात कशाला?" माझ्या 32 स्लाईड डोळ्यांसमोर आल्या. मी म्हटलं, बोलायची भीती वाटते म्हणून.

फोटो आम्ही पहाटे चुलीपाशी काढले. व्हॉट्सअॅपवरून नेहमीसारखे पाठवले तर बारीक होऊन फुटतात, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवायचे. अक्षर किती मोठं ठेवायचं याला पुस्तकी आकडा शोधू नका. लॅपटॉप माजघरात ठेवायचा आणि स्वयंपाकघराच्या दारातून बघायचं. दिसलं तर ठीक.

एक जागा मात्र चुकली होती. महत्त्वाचा आकडा सगळ्यात शेवटी, यंत्राच्या किमतीखाली, बारीक अक्षरात होता: दहा बायका मिळून हाताने दिवसाला 600 भाकऱ्या करतात, आणि एका लग्नाची ऑर्डर 2000 ची असते. ती परत करावी लागते. यासाठीच तर यंत्र हवं होतं! काकूला मी कल्पना चावलाची गोष्ट सांगितली. तिचं नाव काकूला ठाऊक होतं. 16 जानेवारी 2003 ला कोलंबिया यान उडालं तेव्हा फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आपटला. यान वर असतानाच अभियंत्यांनी त्यावर स्लाईड केल्या. त्यातल्या एका स्लाईडचं शीर्षक धीर देणारं होतं. अगदी तळाशी, लहान ओळीत होतं की ज्या चाचण्यांवर हा धीर उभा आहे त्या 3 घनइंचाच्या तुकड्यावर झाल्या, आणि आपटलेला तुकडा 1920 घनइंचाच्या घरात होता. म्हणजे 640 पट. 1 फेब्रुवारीला यान परतताना तुटलं, सातही जण गेले. नुसत्या स्लाईडमुळे यान पडलं असं कुणी म्हणत नाही, मीही म्हणत नाही. पण चौकशी मंडळाच्या अहवालात त्या स्लाईडची वेगळी दखल घेतली आहे, आणि एडवर्ड टफ्टी यांनी तिच्यावर ओळ न् ओळ टीका लिहिली आहे.

काकूने काही न बोलता 600 आणि 2000 हे दोन आकडे पहिल्या पानावर आणले. बायकांचा फोटो दुसऱ्यावर गेला.

शेवटच्या दिवशी कळा शिकवल्या. एफ-5 दाबलं की सुरू. पानाचा आकडा दाबून एंटर मारलं की थेट त्या पानावर. आणि बी. बी दाबलं की पडदा काळा होतो, परत दाबलं की चित्र येतं. लोकांनी आपल्याकडे बघावं असं वाटलं की बी दाबायचं. हे मला नोकरीच्या सहाव्या वर्षी कळलं होतं. प्रोजेक्टर जुना, निळ्या पिनेचा असेल हे लक्षात घेऊन कलबुर्गीहून जोडणीची वायर आणली आणि मी बंगळूरला परतलो.

बैठकीचा व्हिडिओ वहिनीने पाठवला. काकू प्रोजेक्टरच्या अगदी समोर उभी राहिली, त्यामुळे पहिली दोन मिनिटं 2000 चा आकडा तिच्या साडीवर होता. कुणीतरी सांगितल्यावर बाजूला झाली. "सर, नोड्री," म्हणत तव्याचा फोटो दाखवला. तिसऱ्या पानावर बी दाबला, पिशवीतून भाकऱ्या काढल्या आणि टेबलावरून फिरवल्या. खोलीभर कुरकुर आवाज यायला लागला. मग एका साहेबांनी नेमका प्रश्न विचारला: लग्नसराई संपल्यावर एवढ्या भाकऱ्या घेणार कोण? याचं पान नव्हतं. मीही विचार केला नव्हता. काकू क्षणभर थांबली, मग म्हणाली की वसतिगृहांच्या खानावळीत विचारलंय, दोन ठिकाणी हो म्हणालेत, तिसरं अजून सांगत नाही. जेवढं होतं तेवढंच.

कर्ज अजून मिळालेलं नाही. दोन यंत्रांची दरपत्रकं आणि सहा महिन्यांचा हिशेब मागितला आहे. हिशेब वहीत आहे, पेन्सिलीने, अर्धा मराठीत अर्धा कानडीत. परवा रात्री फोन आला. "ते रकान्या-रकान्याचं काय असतंय गा, ज्यात बेरीज आपोआप होती? त्यात पण कंट्रोल-झेड हाय का?"

आहे, म्हटलं.