जुना फोन हा नागरिकाचा गुन्हा आहे का?

उत्पन्नाचा दाखला असो वा शिष्यवृत्ती, अर्ज आता ऑनलाइन भरायचा असतो. सगळी माहिती भरून झाल्यावर शेवटचं बटण दाबावं आणि काहीच घडू नये, हा अनुभव कुणाला नवा आहे? फार तर ‘ब्राउझर अपडेट करा’ अशी सूचना येते. पण ज्या फोनला कंपनीकडून अपडेट येणंच बंद झालं आहे, त्याच्या मालकानं काय करायचं? शेवटी तो दिवसाची मजुरी बुडवून महा ई-सेवा केंद्र गाठतो. म्हणून हे मुद्दे.

१. एकाच ब्राउझरवर विसंबण्याची किंमत आपण एकदा मोजली आहे. इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती २००१ साली आली आणि सातवी थेट २००६ मध्ये. त्या काळात असंख्य कार्यालयांनी आपली पोर्टलं फक्त त्याच्यासाठी बांधली. युनिकोड ही सगळ्या लिपींची सामायिक पद्धत रुळण्याआधीच्या कितीतरी मराठी साईट्सनी स्वतःचे फाँट वापरले आणि ते आपोआप दिसण्याची सोयही मुख्यतः याच ब्राउझरपुरती होती. इतरत्र त्या पानांवर मराठीऐवजी निरर्थक अक्षरं उमटत. १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टनंच त्याच्या शेवटच्या आवृत्तीचा आधार बहुतेक संगणकांवर काढून घेतला. आज ‘फक्त क्रोममध्ये उघडा’ असं सांगणारे तीच चूक नव्यानं करत आहेत.

२. प्रोग्रॅमरांची तक्रारही खरी आहे. जुन्या ब्राउझरच्या चुका झाकण्यासाठी जागोजागी ठिगळं लावली, की कोड कुणालाच वाचता येत नाही. एक ओळ बदलली की तीन ठिकाणी बिघडतं, आणि त्या दुरुस्तीचा खर्च करदात्याच्या खिशातून जातो. ही ठिगळं टाळायची, तर प्रत्येक फोनवर पान हुबेहूब सारखं दिसलं पाहिजे, हा अधिकाऱ्यांचा हट्ट आधी सुटला पाहिजे.

३. मग स्वच्छ कोड आणि जुना फोन यांतलं एकच निवडायचं का? मुळीच नाही, आणि हे नीट समजून घेण्यासारखं आहे. पानाचा सांगाडा बांधणारी एचटीएमएल आणि त्याला रूप देणारी सीएसएस यांची रचनाच अशी आहे, की न कळलेली गोष्ट ब्राउझर सोडून देतो आणि पुढे जातो. कॅलेंडर उघडणारी तारखेची चौकट त्याला कळली नाही, तर तो साधी लिहिण्याची चौकट दाखवतो. अर्ज भरता येतो. २०१७ मध्ये बाजारात आलेल्या जिओफोनचा ब्राउझर फायरफॉक्सच्या ४८व्या आवृत्तीवर आधारलेला आहे. सीएसएस ग्रिड ही मांडणीची पद्धत त्याला ठाऊक नाही, म्हणून तिथे रकाने शेजारी न दिसता एकाखाली एक दिसतील. बिघडलं काय? पानात हालचाल आणणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेला मात्र ही सहनशीलता नाही. व्याकरणातली एकच अनोळखी खूण आली, तरी त्या फाईलमधलं काहीच चालत नाही. सगळं पान तिच्यावर उभारलेलं असेल, तर समोर उरतो तो कोरा पडदा. म्हणून आधी साध्या एचटीएमएलमध्ये चालणारा अर्ज आणि त्यावर नव्या ब्राउझरसाठी सोयी, हाच क्रम हवा. वेब-जगतात २००३ पासून हा विचार नावानिशी मांडला गेला आहे. वीस वर्षं उलटूनही आपली पोर्टलं उलट्या क्रमानं बांधली जातात, हा निव्वळ निष्काळजीपणा आहे.

४. जुन्या यंत्रांना सामावून घेण्याला मर्यादा एकच मान्य करावी लागेल, सुरक्षिततेची. फोन आणि संकेतस्थळ यांच्यातली माहिती गुप्त ठेवणाऱ्या टीएलएस या पद्धतीच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद झाल्या. केवळ त्याच जाणणाऱ्या यंत्रासाठी आधार किंवा बँक खात्याचा तपशील धोक्यात घालू नये. पण अशा यंत्राच्या मालकाचा अर्ज कोणत्या खिडकीवर स्वीकारला जाईल, हे त्याला लेखी कळवणं खात्याचं कर्तव्य आहे.

५. जबाबदारी कुणाची? केंद्र सरकारची संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत आणि वेगवेगळ्या ब्राउझरवर चाचणी घ्या, असं ती सांगतात. तरीही चाचणी होते ती कंत्राटदाराच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर. निविदेतच अट घाला: जुन्या, स्वस्त फोनवर, मंद नेटवर, मराठीतून अर्ज पूर्ण भरून पावती निघाल्याशिवाय शेवटचा हप्ता दिला जाणार नाही. आणि ती चाचणी तालुक्याच्या ठिकाणी, लोकांसमोर घ्या.