बियाणे खुले, मग आज्ञावली कुलूपबंद का?

दाजीपूरहून घाट उतरून कोकणात येणाऱ्याला पहिले मोठे गाव लागते ते फोंडाघाट. कोकण कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र येथे आहे आणि ‘फोंडाघाट-१’ ही भाताची जात या गावाचे नाव मिरवते. संरक्षित वाणाचेही बियाणे राखून ठेवण्याचा, पुन्हा पेरण्याचा, शेजाऱ्याला देण्याचा हक्क २००१च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला दिला आहे. संशोधकालाही त्यावरून नवे वाण घडविता येते. निर्बंध एवढाच, की ते नाममुद्रा लावून विकता येत नाही. ज्ञान वाटावे, श्रेय मात्र लुबाडू नये, हाच त्या कायद्याचा आशय.

मग हाच न्याय संशोधनासाठी लिहिलेल्या सॉफ्टवेअरला का नाही? आज वाणांची तुलना, उत्पन्नाचा अंदाज, कीड-रोगाचा इशारा हे सारे संगणकावर ठरते. त्यासाठीच्या आज्ञावली पुष्कळदा जनतेच्या पैशावर पोसलेल्या संस्थांतच लिहिल्या जातात. निष्कर्ष छापला जातो. गणित मात्र लिहिणाऱ्याच्या संगणकातच राहते. तो निवृत्त झाला की पुढच्याने पुन्हा श्रीगणेशा करायचा! आणि गणितात चूक असेल तर? भुर्दंड शेतकऱ्याच्या हंगामाला. ज्याची तपासणीच करता येत नाही, त्याला शास्त्र म्हणायचे की गुरुमंत्र?

‘खुले केले तर कोणीही चोरील’, हा आक्षेप ठरलेला. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात जन्मलेली ‘आर’ ही सांख्यिकीची प्रणाली १९९५पासून खुली आहे. जगभरच्या संशोधकांनी ती वाढविली. इहाका आणि जेंटलमन या जनकांचे श्रेय कोणी हिरावले नाही. मुंबईच्या आयआयटीचा ‘फॉसी’ प्रकल्प अशाच खुल्या साधनांचा प्रसार महाविद्यालयांत करतो. शासनासाठी बनविलेल्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड खुला करण्याचे धोरण केंद्राने २०१५मध्येच आखले. अडचण तंत्राची नाही, वृत्तीची आहे.

ही वृत्ती आपल्या परंपरेची तर मुळीच नव्हे. कोकणच्याच नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२०च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ रचून ग्रहगणिताची रीत सोपी करून सर्वांपुढे ठेवली. त्यावर पिढ्यान्‌पिढ्या पंचांगे झाली. कालांतराने गणित आणि आकाश यांत अंतर पडले, तेव्हा केरो लक्ष्मण छत्रे यांनी नवी कोष्टके दिली. रीतच गुप्त असती, तर दोष कुठे आहे हे कळले असते काय?

म्हणून मागणी स्पष्ट हवी. सार्वजनिक निधीतून झालेल्या संशोधनाची आज्ञावली सोर्स कोडसह, वापराच्या माहितीसह आणि बदल करून पुढे देण्याच्या लेखी अनुमतीसह प्रसिद्ध झालीच पाहिजे. केवळ फुकट वापरू देणे म्हणजे खुलेपणा नव्हे. तो शिजवलेला भात झाला, बियाणे नव्हे. विद्यापीठांत वावरणाऱ्या कार्यकर्त्यांनी आणि संगणक शिकणाऱ्या मुलांच्या पालकांनी हा प्रश्न आपापल्या संस्थांना विचारावा. फोंडाघाटच्या शेतकऱ्याला बियाण्यावर जो हक्क आहे, तो त्याच्याच करातून झालेल्या गणितावर का नसावा?