उस्तादाची बिगार

आमच्या मामाला लाईनीतले सगळे उस्ताद म्हणतात. शेठपण उस्तादच म्हणतो. ह्या एका शब्दाच्या जोरावर शेठनं मामाकडून दोन वर्षांत तीन ड्रायव्हर फुकट तयार करून घेतले.

मी गोदीत माल ओढतो. मॅट्रिक झालो, पुढं शिकलो नाही. रात्री कविता लिहितो. पण आज कविता नाही. आज हिशोब आहे, आणि घरातला आहे म्हणून पैशापैशानं पाठ आहे.

मामा ट्रेलर चालवतो. न्हावाशेव्यातून कंटेनर उचलायचा, भिवंडीच्या नाहीतर अंधेरीच्या गोदामात टाकायचा, रिकामा डबा परत न्यायचा. शेठचं ऑफिस मुलुंडला. २०१७ पर्यंत जकात होती तेव्हा मुलुंड नाक्यावर रात्ररात्र लायनीत गाडीखाली झोपलेला हा माणूस. एक दिवस शेठनं ऑफिसात बोलावलं. बाजूला एक पोरगा उभा. ‘उस्ताद, हा उद्यापासून तुमच्या गाडीवर. शिकवून तयार करा.’ मामानं विचारलं, ‘शेठ, त्याचं काय देणार?’ शेठ हसला. म्हणाला, ‘शिकवायला काय पैसे लागतात? बोलायचंच तर असतं!’

दोस्तांनो, हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. पणज्याची गोष्ट सांगताना आजी सांगायची. गावात मयत झाली की पणज्यानं चार कोसांवर सांगावा न्यायचा. ऊन नाही, पाऊस नाही, ताप नाही. मजुरीचं नाव काढलं तर पाटील म्हणायचा, ‘सांगावा न्यायला काय पैसे लागतात? चालायचंच तर असतं!’ महारकीचं जोखड काढा म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात बिल आणलं. कायद्यानं वतन गेलं ते १९५८ मध्ये. वतन गेलं, पण वाक्य राहिलं. ते एसटीत बसून मुंबईला आलं आणि मुलुंडच्या एसी ऑफिसात खुर्ची टाकून बसलं.

बोलायचंच असतं म्हणे. मग ऐका काय बोलायचं असतं. ट्रेलर मागं घेताना डबा डावीकडं न्यायचा तर स्टेअरिंग उजवीकडं कापावं लागतं. हे सांगायला अर्धं मिनिट. पोराच्या हातात उतरायला महिना. सकाळी हवेचा काटा वर आल्याशिवाय गाडी हलवायची नाही, कारण ब्रेक हवेवर चालतात. कंटेनरच्या चारी कोपऱ्यांची लॉकं स्वतःच्या हातानं हलवून बघायची, नाहीतर वळणावर डबा गाडीला सोडचिठ्ठी देतो. घाट उतरताना गिअर खालचा ठेवायचा, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. ड्रम तापले की ब्रेक दाबून उपयोग नसतो, मग देवाला दाबा नाहीतर शेठला. डुलकी यायच्या आधी डुलकी कशी ओळखायची. माल भरलाय की रिकामा, हे इंजिनाच्या आवाजात कसं ऐकायचं. हे मामाच्या डोक्यात नाही. मनगटात आहे, कानात आहे, ढुंगणाखालच्या सीटमधून वर येतं. ते काढून दुसऱ्याच्या अंगात घालायचं म्हणजे काम. साधं काम नाही, दुप्पट काम. गाडी दोघांची, लक्ष एकाचं.

आता पैशाचं बघा. मामाचा पगार थोडा, खरी कमाई खेपेच्या भत्त्यावर. पोरगा स्टेअरिंगवर बसला की गाडी गोगलगाय होते. आठवड्याला पाच खेपा व्हायच्या तिथं चार व्हायला लागल्या. बुडालेल्या खेपेचा भत्ता कुणाचा गेला? मामाचा. दुसऱ्या पोरानं क्लच प्लेट जाळली. ती कुणाच्या पगारातून कापली? मामाच्या. म्हणजे शिकवण्याचे पैसे मिळाले नाहीत एवढ्यावर भागत नाही. शिकवण्याचे पैसे मामानं भरले.

द्रोणानं न शिकवता अंगठा घेतला. हा शिकवतो, आणि कपातीच्या कागदावर अंगठा ह्याचाच.

आणि कायदा काय म्हणतो? १९८९ च्या केंद्रीय मोटार नियमांत ड्रायव्हिंग स्कूलसाठी आख्खा नियम आहे. शिकवणारा दहावी पास पाहिजे, पाच वर्षांचा गाडी चालवण्याचा अनुभव पाहिजे, मोटार मेकॅनिकचा दाखला पाहिजे. शिकवायच्या गाडीला दुहेरी कंट्रोल पाहिजे, म्हणजे बाजूला बसलेल्या मास्तरच्या पायाखालीपण ब्रेक. हे सगळं असलं की फी घ्यायची, पाटी लावायची. घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंत गल्लोगल्ली ह्या पाट्या आहेत. मारुती शिकवली तर तो धंदा, लायसनवाला. चाळीस फुटी ट्रेलर शिकवला तर ते बोलणं! शिकाऊ लायसनच्या नियमात असंही आहे की शिकवणाऱ्यानं गाडी आवरता येईल, थांबवता येईल अशा जागी बसलं पाहिजे. मामाच्या ट्रेलरला दुसरा ब्रेक नाही. डाव्या सीटवर बसलेल्या उस्तादाचा ब्रेक त्याच्या जिभेत. ‘दाब! दाब रे भाड्या, दाब!’ एवढाच.

हा नुसता पैशाचा रडगाणा नाही. ९ डिसेंबर २०२४ ची रात्र आठवा. कुर्ला पश्चिम, एस. जी. बर्वे मार्ग. अंधेरीला निघालेली बेस्टची भाडेतत्त्वावरची विजेची बस माणसांत आणि गाड्यांत घुसली. ९ जीव गेले. आधी लहान बस चालवणाऱ्या माणसाला १२ मीटरची, बिनक्लचची बस मोजक्या दिवसांच्या शिकवणीवर हातात दिली होती, असं नंतर बाहेर आलं. ड्रायव्हर आत गेला. बरोबर आहे, चाक त्याच्या हातात होतं. पण शिकवणीचे दिवस कुणी मोजले होते? त्या दिवसांची किंमत कुणाच्या वहीत कमी धरली होती? शिकवणी फुकट असते तिथं ती थोडीच असते. फुकटचं कोण पुरतं करतो? आणि पुरती झाली नाही की रस्त्यावर भाजी घेऊन जाणारी बाई मरते.

घटनेचं कलम २३ वाचा. माणसांचा व्यापार, बिगार आणि तशीच सक्तीची मजुरी, मनाई. ‘बिगार’ हा आपल्या गावकुसाबाहेरचा शब्द, घटनेच्या इंग्रजी मजकुरातपण तोच बसलाय. १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की किमान वेतनाच्या खाली राबवणं ही सक्तीची मजुरीच, आणि भुकेनं, गरिबीनं केलेली सक्तीपण सक्तीच. कोर्ट उस्तादाच्या शिकवणीबद्दल बोलत नव्हतं, हे मला समजतं. पण मामा ‘नाही शिकवत’ म्हणाला असता तर दुसऱ्या दिवशी गाडीची चावी कुणाकडं गेली असती? मग ही सक्ती नाही तर काय शेठच्या पोरीचं लग्न आहे?

१९६१ चा मोटार ट्रान्सपोर्ट कामगारांचा कायदा होता. दिवसाचे ८ तास, आठवड्याचे ४८, वरच्या तासाला दुप्पट. २१ नोव्हेंबर २०२५ ला श्रमसंहिता आल्या, तो त्यात बुडाला. बुडाला त्याचं दुःख आहेच. पण त्यातही तास मोजले होते, तासाच्या आत एका माणसाकडून दोन माणसांचं काम घेतलं तर काय, ते मोजलं नव्हतं. युनियनची जी मागणीपत्रकं माझ्या हातात आली त्यात बोनस आहे, गणवेश आहे, चहाची सुट्टी आहे. शिकवणीचं कलम एकात नाही. लाल बावट्यावाल्या एका कॉम्रेडला विचारलं तर म्हणाला, तो किरकोळ मुद्दा आहे. कॉम्रेड, तुम्ही क्लासला फी भरून शिकलात.

आता मामाची चूक. ती लपवली तर हे पान जाळून टाका.

मामा स्वतः कसा शिकला? सहा वर्षं किन्नर होता. गाडी धुतली, स्टोव्हवर रस्सा केला, टायर बदलले, उस्तादाचे पाय चेपले. पगार म्हणजे दोन टायमाचं जेवण आणि शिव्या. तर मामा म्हणतो, ‘भाच्या, आमीबी फुकटच शिकलो की.’ आणि शेठनं पैसे दिले नाहीत तेव्हा मामानं ते पोराकडून वसूल केले. त्याला गाडी धुवायला लावली, डबा आणायला लावलं, एकदा कानफटात दिली. शेठ मामाच्या डोक्यावर, मामा पोराच्या डोक्यावर. पोरगा उद्या कुणाच्या तरी डोक्यावर. बाबासाहेब श्रेणीबद्ध विषमता म्हणाले ती ही. प्रत्येकाच्या पायाखाली एक डोकं ठेवलं की वरच्याचा पाय कुणाला दिसत नाही. मी मामाला हे तोंडावर म्हणालो. मामा आठ दिवस बोलला नाही.

लाईनीतले काही जुने म्हणतात, शिकवायचंच बंद करा. शिकवला की तोच आपल्या बोकांडी बसतो. खोटं नाही ते. पण आपण असं म्हणू नये. आपल्या लोकांना कोण शिकवत होतं? गिरणीत विणखात्यात पगार जास्त, आणि तिथंच अस्पृश्याला मज्जाव. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागतो, विटाळ होतो! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना हाच सवाल टाकला. हुन्नर अडवून ठेवणं हा आपल्या दुश्मनाचा धंदा. उस्तादाच्या डाव्या बाजूला आता जे पोरगं बसतं ते आपल्याच झोपडपट्टीतलं असतं. त्याला उपाशी ठेवून मामाचं पोट भरणार नाही.

म्हणून शिकवायचं. पण शेठच्या वहीत लिहून. शिकवणीच्या दर दिवसाचा वेगळा भत्ता, बुडालेली खेप भरून, शिकताना जळालेली क्लच प्लेट शेठच्या खात्यावर. पोराला पहिल्या दिवसापासून पगार, म्हणजे तो पाय चेपणार नाही. आणि पोरगा रस्त्यावर गाडी घ्यायला तयार आहे की नाही, हे शेठ नाही, उस्ताद लिहून देणार. ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणून हे शेठलोक कायम रडतात. मग ड्रायव्हर घडवणारा हात एवढा स्वस्त कसा? जानेवारी २०२४ मध्ये दहा वर्षांच्या कैदेच्या कलमावरून गाड्या उभ्या राहिल्या तेव्हा पेट्रोलपंपांवर स्कूटरवाल्यांच्या रांगा लागल्या आणि दिल्ली बोलायला बसली. ऑगस्ट २०२३ मध्ये घाटकोपर आणि मुलुंडच्या आगारांतून बेस्टच्या कंत्राटी ड्रायव्हरांनी पगारासाठी बस थांबवल्या, तो संप शहरभर पसरला. गाडी थांबवता येते. आपल्याला ते येतं. काय लिहून घ्यायचं, तेवढं ठरलेलं नाही.

तिसरा पोरगा तयार झाला त्या महिन्यात शेठनं मामाला सांगितलं, ‘उस्ताद, आता वय झालं, जरा आराम करा.’ मामाचा ट्रेलर पोराला मिळाला, मामापेक्षा कमी पगारात. मामा आता एका गोदामाच्या गेटवर रात्री बसतो.

परवा तोच पोरगा आमच्या खोलीवर आला. मामाच्या पाया पडला. मग मला म्हणाला, ‘दादा, शेठनं माझ्या गाडीवर एक नवीन पोरगा दिलाय. शिकव म्हणतो. तुम्ही अर्ज लिहून देता का?’ मी लिहिला. एक पान, वर सांगितलेलंच. खाली त्याची सही, आणि मामानं स्वतःहून मागून घेऊन त्याच्याखाली आपली केली. शेठनं अर्ज हातात घेतला नाही. मग स्पीड पोस्टानं टाकला. पावती माझ्या पेटीत आहे, कवितांच्या वहीत.