घामाचा हिशेब

गेल्या आठवड्याच्या टपालात एक पत्र आलं. लिहिणारी भगिनी जिल्ह्याच्या गावी राहते. नाव-गाव छापू नका असं तिनं बजावलंय, म्हणून छापत नाही. ती लिहिते, ‘आमच्या कॉलनीमागे नगरपालिकेची मोकळी जागा आहे. साऱ्या गल्लीचा कचरा तिथे पडतो. आम्ही बाराजणींनी ठरवलंय की ती साफ करून भाजीची बाग करायची. थोडी भाजी आम्ही घ्यायची, थोडी अंगणवाडीतल्या मुलांना द्यायची. पण नळाची जोडणी आणि कुंपण हा खर्च आम्हाला झेपणारा नाही. नगरपालिका पैसे देईल का? घरात विचारलं तर हे हसले. म्हणाले, तुम्हा बायकांच्या फावल्या वेळच्या उद्योगाला पैसे कोण देणार?’

फावला वेळ! पहाटेचं पाणी भरण्यापासून रात्री दुधाला विरजण लावेपर्यंत आपला वेळ कधी फावतो, ते मला तरी अजून उमगलेलं नाही. तो काढावा लागतो. पण हे बोलून राग शांत होईल, कुंपण होणार नाही. म्हणून आधी एक गोष्ट सांगते. ती आहे दूर अमेरिकेतल्या सिॲटल शहराची, पण आपल्या कामाची आहे.

माझी भाची तिथे राहते. दोन वर्षांपूर्वी तिच्याकडे गेले होते, तेव्हा ती मला घराजवळच्या सार्वजनिक बागेत घेऊन गेली. दहा फूट लांब, दहा फूट रुंद असा एक वाफा तिच्या वाट्याचा. त्यात चक्क मेथी! शेजारच्या वाफ्यात एका आजोबांचा कोबी, पलीकडे कुणाचा तरी घेवडा. जागा सार्वजनिक, वर्षाचं भाडं बेताचं. रासायनिक खत नि औषध चालत नाही, आणि वाफ्यातली भाजी विकायची नाही, असे नियम. शिवाय आपल्या वाफ्यापलीकडे सगळ्यांच्या बागेसाठी वर्षाकाठी ठराविक तास काम करायचं.

या बागांना तिथे ‘पी-पॅच’ म्हणतात. पॅच म्हणजे जमिनीचा तुकडा. आणि ‘पी’ कशाचा, ठाऊक आहे? पिकार्डो या इटालियन शेतकरी कुटुंबाच्या नावाचा. १९७० च्या सुमाराला त्या शहरावर मोठं संकट आलं. तिथल्या बोइंग विमान कंपनीनं हजारो माणसं कामावरून काढली. घरोघरी चुली विझायची वेळ आली. तेव्हा विद्यापीठात शिकणाऱ्या डार्लिन रंडबर्ग या तरुणीनं पिकार्डो कुटुंबाकडे त्यांच्या मळ्याचा एक तुकडा मागितला. गरजू कुटुंबांना वाटायला त्यात भाजी पिकवायची, हा तिचा विचार. शाळेतली मुलं आणि त्यांचे आईबाप हाताशी आले. १९७३ मध्ये हे काम शहरानं आपल्याकडे घेतलं. आज तिथे अशा नव्वदेक बागा आहेत, आणि दरवर्षी हजारो किलो ताजी भाजी तिथून गरिबांच्या अन्नछत्रांकडे जाते.

आता खरी गंमत पुढे आहे. १९८८ मध्ये त्या शहरानं वस्त्यांसाठी एक निधी सुरू केला. वस्तीतल्या लोकांनी काम सुचवायचं, मग ती बाग असो, मुलांचं मैदान असो. शहर पैसे देतं, पण तुमचाही वाटा मागतं. तुम्ही म्हणाल, वाटा म्हणजे वर्गणी, आणि तीच तर नाही! पण तो वाटा रोख असायलाच हवा असं नाही. कुणी विटा दिल्या, त्या किमतीनं धरल्या जातात. एखाद्या जाणकारानं फुकट नकाशा काढून दिला, तोही धरला जातो. आणि वस्तीतल्या माणसांनी माती उचलली, वाफे बांधले, तर तेही तासाच्या दरानं मोजतात. दर शहरच ठरवून देतं. फक्त कोणी किती तास काम केलं याची सह्यांनिशी नोंद ठेवावी लागते. अशा निधीतून कितीतरी बागांच्या वाटा, अवजारांच्या खोल्या, पाण्याच्या नळ्या झाल्या. पुढे २००८ मध्ये तिथल्या मतदारांनी उद्यानांसाठी जादा कर मंजूर केला, तेव्हा त्यातले २० लाख डॉलर या भाजीच्या बागांसाठी राखले गेले.

पाहिलंत? गृहिणीनं उचललेली मातीची पाटी सरकारी कागदावर रक्कम म्हणून लिहिली जाते. मला त्या बागेतल्या मेथीपेक्षा ही गोष्ट जास्त हिरवी वाटली!

आपल्याकडे असाच निधी प्रत्येक गावात असेल असं मात्र समजू नका. पण दारं आहेत. पुणे महापालिका २००६ पासून नागरिकांनी सुचवलेल्या प्रभागातल्या लहान कामांचे अर्ज आपल्या अंदाजपत्रकासाठी घेत आली आहे. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यायचे असतात. पुण्यातच गांडूळखत, सौरऊर्जा आणि पावसाचं पाणी साठवणं यांपैकी एक सोय केली तर मिळकतकरात ५ टक्के, दोन किंवा जास्त केल्या तर १० टक्के सूट आहे. सोय चालू मात्र हवी! खतखड्डा कागदावरच राहिला तर सूट जाते. आपापल्या गावी काय सोय आहे, महिला व बालकल्याणाच्या तरतुदीतून काही मिळेल का, हे नगरपालिकेत जाऊन विचारायला लाजू नका.

आता माझी फजिती सांगते. बरीच वर्षं झाली. आमच्या गल्लीतल्या बायकांनीही अशाच एका बागेसाठी अर्ज केला होता. मीच लिहिला होता, अक्षर चांगलं म्हणून! आम्हाला नळ द्यावा, कुंपण द्यावं, माती द्यावी, एक माळी द्यावा. पानभर नुसतं ‘द्यावं’. आम्ही काय देणार, याबद्दल एक ओळ नाही. अर्ज गेला तो गेलाच. पोचसुद्धा घेतली नव्हती, त्यामुळे विचारायला गेलो तर ‘असा अर्ज आलाच नाही’ हे उत्तर मिळालं. दोष त्यांचा होताच, पण निम्मा माझाही होता.

तेव्हा पत्रलेखक भगिनी, तू असं कर.

पहिलं, जागेची लेखी परवानगी माग. तोंडी ‘करा हो’ वर विसंबून वाफे बांधलेस, तर उद्या कुणी तिथे गाळे उभारताना तुला विचारायला येणार नाही.

दुसरं, एक दोनशेपानी वही आण. पहिल्या पानावर बाराजणींची नावं नि सह्या. पुढे तारीख, कोण आलं, किती तास, काय काम, आणि सही. बाराजणींनी दर रविवारी दोन तास, असे दहा रविवार काम केलं तर २४० तास होतात. तुमच्या गावी बागकामाच्या बाईला आठ तासांची जी मजुरी देतात, तिला आठानं भाग. समज, तासाला ६० रुपये आले. म्हणजे तुमचे श्रम झाले १४,४०० रुपयांचे. हा आकडा अर्जात सगळ्यात वर लिही : ‘आमचा वाटा १४,४०० रुपये.’ घरचं शेणखत, जुनी पिंपं, कुणाच्या यजमानांनी फुकट करून दिलेलं नळकाम, हेही लिही.

तिसरं, मागणं त्याखाली, आणि नेमकं. नळजोडणी एक, कुंपण इतके फूट, त्यांचे दोन दुकानांतले लेखी दर सोबत जोड. भाजीतला किती वाटा अंगणवाडीला जाईल तेही लिही. अर्ज बारनिशीत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घे. नवं अंदाजपत्रक मार्चअखेर ठरतं, तेव्हा दिवाळी झाली की अर्ज जाऊ दे. मार्चमध्ये गेलीस तर ‘आता पुढल्या वर्षी’ ऐकावं लागेल.

चौथं, बागेचं. कचरा पडत असलेल्या जमिनीत थेट पालेभाजी लावू नका. त्या मातीत काय काय मुरलंय, कोण जाणे! कचरा उचलून वर विटांचे उंच वाफे करा, नाहीतर पोती भरा, आणि माती दुसरीकडून चांगली आणा. पाच-सहा तास ऊन मिळेल अशी बाजू निवडा. सुरुवात मेथीनं करा. महिन्याभरात ती हाती येते, म्हणजे हुरूप राहतो. कुंपणाच्या कडेला शेवगा, वेलावर दोडका.

पैसे मिळतीलच अशी हमी मी देत नाही. कदाचित पहिल्या वर्षी नाही मिळणार. पण वही बंद करू नकोस. दुसऱ्या वर्षी तीच वही घेऊन जा. रिकाम्या हातानं मागणाऱ्या बाईला नुसतं ‘बघू’ म्हणून वाटेला लावता येतं, पण पाचशे तासांच्या सह्या टेबलावर ठेवल्या की समोरच्याला वाचाव्याच लागतात.

आणि हो, पहिल्या मेथीची भाजी करशील त्या दिवशी ताटाशेजारी ती वहीही ठेव. ‘फावल्या वेळचा उद्योग’ म्हणणाऱ्यांना बेरीज वाचून दाखव. भांडू नकोस हं, नुसती बेरीज वाच. भाजी आधी वाढ, म्हणजे झालं.

बाकीच्या मैत्रिणींनीही आपापल्या गावचे अनुभव कळवावेत. अर्ज मंजूर झालेल्यांनी तर जरूर, आणि न झालेल्यांनी आधी.