बंबावरचा मुकादम

एका तालुक्याच्या गावी नगरपरिषदेच्या अग्निशमन विभागात सब-ऑफिसरची जागा कित्येक वर्षे रिकामी आहे. जागा रिकामी असली तरी काम रिकामे राहत नाही. ते काम एक लीडिंग फायरमन 'प्रभारी' या नावाखाली करीत आहे. पंचवीस वर्षांपूर्वी तो माझ्या अर्थशास्त्राच्या वर्गात मागच्या बाकावर बसत असे. पदवी घेऊन तो फायरमन म्हणून भरती झाला आणि आता त्याच्या हाताखाली दोन बंब व प्रत्येक पाळीला पाचसहा माणसे असतात. त्यांतली निम्मी कंत्राटदाराची. वेतन लीडिंग फायरमनचे, काम सब-ऑफिसरचे, आणि काही विपरीत घडलेच तर चौकशी पूर्ण अधिकाऱ्याची, असा हा 'प्रभार' आहे. सरकारी मराठीत हा शब्द ज्याने रूढ केला त्याने प्रशासनाचे पुष्कळ पैसे वाचविले असले पाहिजेत.

या माणसाचे काम नेमके काय असते, याचा विचार आपल्या पक्षाच्या वर्तुळातही क्वचितच होतो. गिरणी कामगार, वीज कामगार, सफाई कामगार यांच्याविषयी आपण पुष्कळ लिहिले, बोलले. बंबवाल्यांविषयी आपली समजूत मात्र चारचौघांसारखीच आहे: आग लागते, घंटा वाजते, शूर माणसे ज्वाळांत उडी घेतात. आग लागल्यावर उडी न घेणे, कोणी घ्यायची व कोणी नाही हे ठरविणे आणि घेतलेल्याला वेळेवर परत बोलावणे, हेही एक काम आहे, आणि ते पथकाच्या मुकादमाचे आहे. मुकादम हा शब्द मी जाणून वापरतो. कामगारांतूनच वर आलेला, कामगारांबरोबरच उभा राहणारा, पण ज्याच्या शब्दावर इतरांचा जीव टांगलेला आहे असा तो माणूस आहे.

त्याचा दिवस आगीने सुरू होत नाही, हजेरीने सुरू होतो. पाळी बदलताना बंबातील पाणी, पंपाचा दाब, नळ्यांच्या जोडण्या, शिड्या, दोर आणि श्वसनसंचांतील हवा हे सर्व तपासून वहीत नोंदवायचे असते. गावातील कोणत्या गल्लीत बंब शिरतो व कोणत्या गल्लीत शिरत नाही, कोणत्या विहिरीला मे महिन्यात पाणी असते, कोणत्या गोदामात रसायनांची पिंपे ठेवलेली असून दारावर पाटी मात्र धान्याची आहे, हे त्याला ठाऊक असावे लागते. ही माहिती पुस्तकात नसते आणि बदलीवर आलेल्या अधिकाऱ्याला ती मिळायला दोन वर्षे लागतात.

एका साध्या हिशोबाकडे वाचकांचे लक्ष वेधतो, कारण हिशोब हा माझा जुना धंदा आहे. फायरमनच्या पाठीवरील सहा लिटरच्या नळकांड्यात ३०० बार दाबाने भरलेली हवा मोकळी केली तर साधारण १,८०० लिटर होते. मध्यम श्रमात माणूस मिनिटाला ४० लिटर हवा घेतो असे धरतात. म्हणजे ४५ मिनिटे. पण जिना चढून, पाण्याने भरलेली जड नळी ओढीत, धुरात चाचपडत जाणारा माणूस मिनिटाला ६० लिटर किंवा त्याहून अधिक हवा घेतो. मग तीसच मिनिटे उरतात. त्यांतून परतीची वाट वजा करायची आणि अडचणीसाठी काही शिल्लक ठेवायची. धोक्याची शिट्टी वाजते ती सुमारे ५० बारवर. त्या वेळी जो अजून आतच आहे त्याला उशीर झालेला असतो. म्हणून बाहेर उभ्या असलेल्या माणसाने आत गेलेल्या प्रत्येकाचे नाव, वेळ व दाब फलकावर लिहून, त्याच्या परतीची वेळ त्याच्यापेक्षा आधी आपण काढायची असते. आत गेलेल्याला आपण थकलो आहोत हे कळते, पण किती वेळ गेला हे धुरात कळत नाही. हा फलक सांभाळणारा माणूस छायाचित्रात कधी येत नाही.

हे काम आतल्या कामाइतकेच महत्त्वाचे आहे, याची किंमत मुंबईने फार मोठी मोजली आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज पेटले. पोटात कापसाच्या गासड्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटके. धोकादायक माल असल्याची खूण असलेला लाल बावटा जहाजावर चढविलेला नव्हता. दुपारी धूर दिसल्यापासून चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट होईपर्यंत सुमारे दोन तास हाती होते. त्या दोन तासांत जहाज जागीच बुडवावे, ओढून खोल समुद्रात न्यावे, की पाणी मारीत राहावे, यावर कप्तान, गोदीचे अधिकारी, लष्करी दारूगोळ्याचा जाणकार आणि बंबखात्याचे प्रमुख यांच्यात एकमत झाले नाही, आणि सर्वांवर चालेल असा एकाचा अधिकारही नव्हता. निर्णय झाला नाही म्हणून पाणी मारणे चालू राहिले. अग्निशमन दलाचे ६६ जण त्या दिवशी मेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. संचलन होते, पुष्पचक्र वाहिले जाते. त्या दोन तासांत आज्ञा कोणी द्यायची होती, हा प्रश्न त्या दिवशीच्या भाषणांत मी तरी ऐकलेला नाही.

आज्ञेच्या प्रश्नाला दुसरीही बाजू आहे. १४ जून २०१७ रोजी लंडनमधील ग्रेनफेल टॉवर ही चोवीस मजली इमारत पेटली व ७२ माणसे मेली. पहिल्या बंबांबरोबर आलेला आणि प्रारंभी सर्व सूत्रे हाती असलेला माणूस वरिष्ठ सेनानी नव्हता, एका केंद्रावरील पाळीचा प्रमुख होता. उंच इमारतीत आग लागल्यास रहिवाशांनी आपापल्या घरातच थांबावे, असा तेथील नियम होता. बाहेरच्या आच्छादनावरून आग चढू लागल्यावर तो नियम खोटा ठरला. पण पहिला दूरध्वनी आला १२ वाजून ५४ मिनिटांनी आणि नियम मागे घेतला गेला २ वाजून ४७ मिनिटांनी. पुढे सरकारी चौकशीने दोषाचा मोठा भाग संघटनेवर ठेवला: अशा वेळी नियम केव्हा मोडायचा याचे शिक्षणच त्या अधिकाऱ्यांना दिलेले नव्हते. पर्यवेक्षक फायरमनची पात्रता कशात असते, याचे उत्तर मला या वाक्यात सापडते. नियम पाळणारा फायरमन लागतो. नियम संपला हे ओळखणारा मुकादम लागतो. आणि ते ओळखण्याचा अधिकार त्याला आधीच दिलेला असावा लागतो.

मग हा माणूस निवडायचा कसा? येथे आपल्याच मंडळींशी माझे मतभेद आहेत. कामगार संघटनांनी आजवर ज्येष्ठतेचा आग्रह धरला. त्यामागचे कारण मला मान्य आहे. 'गुणवत्ता' या शब्दाआडून साहेबाच्या मर्जीतील माणसे वर चढताना आपण सर्वांनी पाहिली आहेत. सेवाज्येष्ठता निदान मोजता तरी येते. परंतु जो निव्वळ वर्षे मोजून पथकाचा प्रमुख झाला आणि ज्याला वर दिलेला हवेचा हिशोब करता येत नाही, त्याच्या चुकीने मरतो तो फायरमनच. संघटनेने आपल्याच सभासदाच्या जिवावर तडजोड करू नये. दुसऱ्या बाजूला शासनाची वाट आहे: बाहेरून पदवीधर घ्या, अभ्यासक्रम पुरा करून घ्या आणि वीस वर्षे नळी धरलेल्या माणसांच्या डोक्यावर बसवा. त्यात शास्त्र येते, पण गल्ली येत नाही, आणि माणसेही ओळखीची नसतात.

या वादात मला जेम्स ब्रेडवुडची आठवण होते. १८२४ साली एडिंबरो शहराने आपले नागरी अग्निशमन दल उभारले, तेव्हा त्याच्या या तरुण प्रमुखाने माणसे निवडली ती छपरे शाकारणारे, सुतार, गवंडी, नळकाम करणारे अशी. कोणती तुळई किती वेळ धरेल आणि भिंत कोणत्या बाजूला कलेल, हे या कारागिरांना हातांनी ठाऊक होते. त्यांना त्याने कवायत व शिस्त शिकविली. पुढे तो लंडनला विमा कंपन्यांच्या दलाचा प्रमुख झाला. आग विझविणे हा तेव्हा तेथे विमा कंपन्यांचा धंदा होता. १८६१ सालच्या टूली स्ट्रीटच्या आगीत दमलेल्या आपल्या माणसांची विचारपूस करीत असताना भिंत कोसळून तो मेला. त्या एका आगीच्या नुकसानीने कंपन्या इतक्या हादरल्या, की हा बोजा सरकारने घ्यावा असे त्याच म्हणू लागल्या आणि १८६५ च्या कायद्याने लंडनचे दल सार्वजनिक झाले. खाजगीकरणाची भलामण करणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना मी हा दाखला वर्गात नेहमी देत असे. नफा निघत होता तोवर ती सेवा खाजगी होती.

ब्रेडवुडचा धडा असा की कष्टाचे ज्ञान हीच पहिली पात्रता धरावी आणि शास्त्र तिच्यावर चढवावे. आपल्याकडे त्याची सोय नाही असे नाही. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ साली रामपूरला सुरू झाले व पुढल्याच वर्षी नागपूरला आले. सब-ऑफिसर व स्टेशन ऑफिसर यांचे अभ्यासक्रम तेथे चालतात. अडचण तेथवर पोचण्याची आहे. या शास्त्रावरील बहुतेक ग्रंथ इंग्रजीत आहेत. नगरपरिषदेच्या शाळेत मराठीतून शिकलेला, जिल्हा परिषदेच्या वसतिगृहात राहिलेला फायरमन अडखळतो तो बुद्धीने नव्हे, भाषेने. पंपाचा दाब दर दहा मीटर उंचीला एक बारने कमी होतो, हे त्याला आगीवर कळलेले असते. ते परीक्षेत परक्या भाषेत लिहिता येत नाही म्हणून तो अपात्र ठरतो. पगारी रजेवर प्रशिक्षण, मराठीत पाठ्यपुस्तके आणि प्रत्यक्ष पथक हाताळून दाखविण्याची परीक्षा एवढे झाले, तर ज्येष्ठता आणि गुणवत्ता यांचे भांडण बरेचसे मिटेल. उरेल ते मर्जीचे, आणि त्याच्याशी लढायला संघटना आहेच.

कंत्राटी भरतीबद्दल मात्र माझे मत तडजोडीचे नाही. पथक म्हणजे माणसांची बेरीज नव्हे. कोण जिन्यावर घाबरतो, कोण वाजवीपेक्षा पुढे धावतो, कोणाच्या छातीत जुना दोष आहे, हे मुकादमाला ठाऊक असले तरच तो कोणाला आत धाडायचे हे ठरवू शकतो. अकरा महिन्यांनी बदलणाऱ्या माणसांची ही ओळख होतच नाही. माझा तो विद्यार्थी मला म्हणाला, "सर, कंत्राटी पोरांना मी आत पाठवीतच नाही. काही झालं तर त्यांच्या घरच्यांना काय मिळेल हे मला माहीत नाही." म्हणजे कागदावर सहा आणि आगीवर तीन. बचतीचा हा हिशोब लेखापरीक्षणात सापडत नाही.

आता थोडे आपल्याबद्दल. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा. इमारतीतील आगरोधक यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारीत व जुलैत द्यावे, असे त्यात आहे. ते खरे की कागदी हे पाहणे दलाच्या याच मधल्या फळीवर येते. तो एखाद्या मंगल कार्यालयाला नोटीस देतो आणि संध्याकाळी त्याला एखाद्या नगरसेवकाचा फोन येतो. तो नगरसेवक दरवेळी विरोधी पक्षाचाच असतो असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बालके गेली, तेव्हा आपण निषेधाचे ठराव केले. ते योग्यच होते. पण तपासणी करणाऱ्याला त्या कामात किती अधिकार आणि किती संरक्षण आहे, हे त्या ठरावांत नव्हते.

९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली. इमारत कोसळून दोन अधिकारी जागीच गेले. प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर आणि उपप्रमुख सुधीर अमीन हे भाजलेल्या अवस्थेत रुग्णालयात पुढे वारले. एका दलाचे सर्वांत वरचे अधिकारी इमारतीच्या इतक्या जवळ असतात, याचा अभिमान वाटतो. त्याचबरोबर, अशा जुन्या लाकडी इमारतीच्या बाबतीत 'आता मागे सरा' असे सांगण्याचे काम नेमके कोणाचे, हा गोदीतला प्रश्न सत्तर वर्षांनीही आपल्यापुढे उभा राहतो. शौर्याची स्तुती करून तो सुटत नाही. उलट, बाहेर उभे राहण्यात कमीपणा आहे असे तरुणांना वाटू लागते.

पैसा नाही, ही सबब आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने अग्निशमन सेवा बाराव्या अनुसूचीत घातली. जबाबदारी नगरपालिकांकडे आली, उत्पन्नाची साधने त्या मानाने आली नाहीत, हे खरे आहे. पण २०२३ साली केंद्राने या सेवांच्या विस्तारासाठी व आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटींची योजना जाहीर केली आहे. अशा पैशातून गाड्या लवकर येतात. गाडीसमोर नारळ फोडता येतो. प्रशिक्षित सब-ऑफिसरसमोर नारळ फोडण्याची प्रथा नाही.

माझ्या त्या विद्यार्थ्याने अभ्यासक्रमासाठी रजा मागितली होती. 'प्रभारी कामास पर्यायी व्यक्ती उपलब्ध नसल्याने नामंजूर' असा शेरा मारून अर्ज परत आला. नगरपरिषदांची अंदाजपत्रके फेब्रुवारीत सभेपुढे येतात. ज्या गावांत आपले सदस्य आहेत तेथे त्यांनी अग्निशमन विभागाचे पान उघडून मंजूर पदे किती, भरलेली किती, प्रभारी किती आणि प्रशिक्षणाच्या शीर्षाखाली तरतूद किती, एवढे चार आकडे विचारावेत, आणि उत्तर लेखी मागावे.