आधी कागद, मग पत्रा

विजापूरच्या तटावरील मुलूखमैदान तोफेचे नाव महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाही? परंतु ही अवाढव्य तोफ ओतली गेली ती इ. स. १५४९ मध्ये अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, हे फार थोड्यांस माहीत असते. तोफ ओतावयाची तर तिच्या पूर्ण आकाराचा साचा आधी सिद्ध करावा लागतो. तापलेला धातू आत उतरला की चूक सुधारण्यास अवसर उरत नाही. याच नगरच्या कापडबाजारातून आणलेले भारी कापड चांगल्या शिंप्याच्या हाती दिले, तर तोही एकदम कात्री चालवीत नाही. नवी धाटणी असेल, तर तो तिचे भाग अंगाच्या मापाने कागदावर बेततो आणि मगच कापडाला हात लावतो. जी वस्तू एकदा कापली की पूर्ववत होत नाही, तिचे रूप आधी स्वस्त पदार्थात, परंतु पूर्ण आकारात पाहून घ्यावे, हा या दोन्ही कारागिरांचा नियम होय.

हा नियम मोडल्यास केवढा अनर्थ ओढवू शकतो, हे विमानाच्या उदाहरणावरून कळते. वैमानिकाच्या पुढ्यात पत्र्याचा एक उपकरणफलक असतो. पूर्वापार पद्धतीच्या लहान विमानात त्यावर मुख्य तबकड्या सहा असतात. त्या वेग, उंची, दिशा, वळण, चढउतार आणि क्षितिजाच्या मानाने विमानाचा कल दाखवितात. ढगात शिरल्यावर क्षितिज दिसेनासे होते आणि माणसाचे शरीर त्याला फसविते. विमान कलंडले असताही ते सरळ चालले आहे, असे वाटते. त्या वेळी तबकड्या हाच वैमानिकाचा आधार असतो. म्हणूनच ब्रिटिश हवाई दलाने १९३७ साली या सहा तबकड्यांच्या जागा ठरवून टाकल्या. पुढे बहुतेक विमानांत कल दाखविणारी तबकडी वरच्या ओळीत मध्यभागी, तिच्या डावीकडे वेगाची, उजवीकडे उंचीची व खाली दिशेची, अशी मांडणी रूढ झाली. हवे ते नजरेला तत्काळ सापडावे, हाच तिचा हेतू.

असा फलक नव्याने करावयाचा असेल, तर जाणता कारागीर प्रथम जाड कागद घेतो. तो फलकाच्या आकाराने कापतो, तबकड्यांची वर्तुळे खऱ्या मापाने काढतो आणि ती टाचण्यांनी लावून पाहतो. अशा तबकडीचे भोक साधारणतः ७९ मिलिमीटर व्यासाचे असते. तथापि तिची चौकट त्याहून मोठी असल्याने दोन भोकांमध्ये पुरेसे अंतर लागते. मागे नळ्या व तारा असतात, त्यांनाही जागा हवी. होकायंत्र तर लोखंडापासून व विजेच्या तारांपासून दूरच ठेवावे लागते. मग तो कागद विमानात त्याच्या जागी लावून, पट्टे बांधून आसनावर बसावयाचे. हात कळीपर्यंत पोचतो काय, सुकाणूच्या दांड्याआड एखादी तबकडी झाकली जाते काय, हे तेथेच कळते. चुकले तर टाचणी काढून वर्तुळ सरकविता येते. पत्र्याला पडलेले भोक मात्र सरकविता येत नाही.

काहीजण म्हणतील की, आता संगणक असताना ही कागदाची खटपट कशाला? संगणकावरील आकृती अचूक असते, यात संशय नाही. परंतु पडद्यावर ती लहानमोठी करता येते. माणसाचा हात व नजर यांचे माप मात्र बदलत नाही. म्हणून संगणकावर काढलेली आकृतीदेखील पूर्ण मापाने कागदावर उतरवून घ्यावी आणि ती पट्टीने मोजावी. कारण छापताना आकार किंचित कमीजास्त होण्याचा संभव असतो.

ही सावधगिरी केवळ विमान बांधणाऱ्यांसाठीच आहे, असे मात्र नाही. शाळेत हस्तव्यवसायाच्या तासाला मुलांच्या हाती लाकूड वा पत्रा देण्यापूर्वी त्यांच्याकडून पूर्ण मापाचा कागदी नमुना करून घ्यावा, हेच उचित होय. यात वेळ जातो, अशी तक्रार होईल. परंतु वाया गेलेली फळी पुन्हा आणण्यास त्याहून अधिक वेळ व पैसा लागतो. ज्याच्या घरी सामानाची विपुलता आहे, त्याला एक फळी बिघडल्याचे दुःख होत नाही. ज्या खेड्यातील शाळेला वर्षाकाठी मोजक्याच फळ्या मिळतात, तेथे एकाची चूक दुसऱ्याची संधी हिरावून घेते. रद्दी वर्तमानपत्र मात्र तेथेही मिळते. उतावळेपणाने केलेले काम लवकर संपल्यासारखे वाटते, इतकेच. ज्याने कागदावर दहा चुका करून त्या सुधारल्या, त्याचेच काम खऱ्या अर्थाने लवकर पुरे होते.